फुकटचं जळण

बैठकीसाठी गावात मुक्काम असला की पहाटे मला बंबाच्या धुरानेच जाग येते. बंबाचं कौतुक मलाही आहे. मधल्या नळीत तुराट्या, गोवरी, करवंटी, काहीही टाका. वरून बादलीभर गार पाणी ओतलं की तोटीतून कढत पाणी येतं. “काहीही खातो, फुकटात पाणी तापतं,” असं घरातले पुरुष सांगतात.

फुकटात? तुराट्यांची मोळी डोक्यावरून कोणी आणली? गोवऱ्या कोणी थापल्या? राख कोण काढतं? आणि सगळ्यांच्या आंघोळी उरकल्यावर कोमट पाण्यावर कोण भागवतं?

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गॅसची जोडणी बाईच्या नावावर मिळाली. चांगलंच झालं. पण १४.२ किलोचं सिलिंडर पुन्हा भरायचं की नाही, हे ज्याच्या खिशात पैसे तो ठरवतो. त्याच्या लेखी गॅस महाग, कारण बाईने आणलेल्या जळणाला किंमतच नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत आणखी फॉर्म भरण्याआधी हा हिशेब फळ्यावर मांडू या: एका मोळीमागे किती तास, आणि शेतमजुरीच्या दराने त्याचे किती रुपये. त्या दिवशी पुरुषांनाही बोलवायचं.