हातमोजे दिले, श्वास कोण देणार?

बंगळूरच्या सर्जापूर रस्त्यावर उंच निवासी संकुलांची रांग उभी आहे. अशा मोठ्या संकुलांच्या तळाशी सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र असते. त्याच्या टाक्यांतील गाळ उपसणारा माणूस मात्र बहुधा ठेकेदाराचा रोजंदार असतो. जानेवारी २०१८ मध्ये या परिसरातील सोमसुंदरपाळ्य येथे एका संकुलाच्या टाकीत तीन कामगार गुदमरून मेले. त्याच महिन्यात कैकोंड्रहळ्ळी येथे एका उपाहारगृहाच्या सांडपाण्याच्या सफाईत आणखी दोघांचा बळी गेला.

अशा मृत्यूंनंतर एकच वाक्य ऐकू येते: संरक्षक साधने दिलेली नव्हती. वाक्य खोटे नाही, पण अपुरे आहे. रबरी हातमोजे, गमबूट आणि कापडी मुखपट्टी दिली की आपले कर्तव्य संपले, अशी मालकवर्गाची समजूत असते. परंतु हातमोजे कातडी वाचवतात, फुप्फुसे नव्हे. कुजणाऱ्या मैल्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो. त्याचे प्रमाण वाढताच घ्राणेंद्रिय बधिर होते आणि धोक्याची सूचनाच नाहीशी होते. जेथे प्राणवायूच नाही, तेथे हवा गाळणारा मुखवटाही निरुपयोगी ठरतो. तेथे वायूची आगाऊ तपासणी, बाहेरून हवा पुरवणारा मुखवटा, कमरेला दोर आणि वर ओढून घेणारे साथीदार लागतात. ते नसतात, म्हणून पहिल्याला वाचवण्यास उतरलेला दुसराही अनेकदा परत येत नाही.

२०१३ च्या कायद्याने गटारे व मैलाटाक्यांची 'धोकादायक सफाई' करवून घेणे हा गुन्हा ठरवला. पण संरक्षक साधनांविना हाताने केलेली सफाई तेवढी धोकादायक, अशी त्याची व्याख्या आहे. पळवाट नेमकी येथेच आहे! सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृतांच्या वारसांची भरपाई १० लाखांवरून ३० लाखांवर नेली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई व बंगळूरसह सहा महानगरांत हाताने गटारसफाई थांबवण्याचा आदेश दिला. आदेश स्वागतार्ह आहेत. परंतु ठेकेदारी पद्धत शाबूत असेपर्यंत ते कागदावरच राहण्याचा धोका आहे.

पिढ्यान्‌पिढ्या दलितांच्या माथी मारलेल्या या कामाचा प्रश्न केवळ पोशाखाचा नाही. यंत्राने उपसा, आणि जेथे माणसाला उतरवणे खरोखरच अपरिहार्य असेल तेथे मालकाच्या खर्चाने संपूर्ण श्वसनसाधने, हीच किमान मागणी असली पाहिजे. जबाबदारी ठेकेदारावर ढकलून संकुलाच्या व्यवस्थापनाला सुटू देता कामा नये. सफाई कामगारांना संघटित करून ही मागणी लढवणे, हे कामगार चळवळीचे तातडीचे कर्तव्य आहे.