एक कप म्हणजे किती ग्रॅम? प्रश्नच चुकलाय!

गेल्या शनिवारी बहिणीचा फोन आला. "दादा, एक कप पास्ता म्हणजे किती ग्रॅम रे?" मी सवयीप्रमाणे नेटवर शोधलं, समोर आलेला पहिला आकडा "१०० ग्रॅम" म्हणून सांगितला आणि मोकळा झालो. रात्री पुन्हा फोन. भाचीची साखर ५८ वर आली होती.

भाची नऊ वर्षांची. टाइप १ डायबेटिस. ताटात कर्बोदकं किती ग्रॅम ते मोजायचं आणि तेवढं इन्सुलिन टोचायचं, हा त्यांच्या घरचा रोजचा हिशोब. तिला दर १५ ग्रॅमला एक युनिट लागतं. ग्लुकोज पाजून निभावलं, पण आकडा मी दिला होता.

रविवारी वजनकाटा घेऊन बसलो. २४० मिलीचा एकच कप, कोरडा पास्ता. एल्बो मॅकरोनी ११५ ग्रॅम, पेने ९२, बहिणीने केलेली फ्युसिली ८२. म्हणजे १८ ग्रॅम पास्ता पोटात गेलाच नव्हता. पास्त्यात साधारण पाऊण भाग कर्बोदकं, त्यामुळे जवळजवळ एक युनिट इन्सुलिन जास्त झालं. कप ओट्यावर दोनदा आपटला तर आणखी पाच-सहा ग्रॅम मावतात, ते वेगळंच. स्पगेटी कपात मोजून दाखवणाऱ्याला माझ्यातर्फे चहा.

बरं, कप तरी एक आहे का? अमेरिकेचा कप २३६.६ मिली, तिथल्याच पाकिटांवरच्या पोषणमूल्यांसाठी २४०, ऑस्ट्रेलियाचा २५०. आणि आपली वाटी? ती ज्याच्या-त्याच्या फडताळात असेल तेवढी!

आता कोणीतरी म्हणणारच, "आमच्या आईने कधी काटा वापरला नाही, काही बिघडलं नाही." अगदी मान्य. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, यात वाटी दोन्हीकडे तीच असते. ते गुणोत्तर आहे, एकक आपोआप छेदलं जातं. वाटी केवढीही घ्या, भात होतो. आईचं गणित पक्कं होतं. माझं भांडण वाटीशी नाहीच. वाटीला ग्रॅमचं सोंग देणाऱ्या कोष्टकांशी आहे. आकारमानाचं वजन करायचं तर घनता लागते, आणि पोकळ, पिळदार, वाकड्या तुकड्यांच्या ढिगाला एक ठरलेली घनता नसतेच. ऑफिसात कोणी असं फंक्शन लिहिलं असतं, की आत कप टाका आणि पदार्थ न विचारता ग्रॅम घ्या, तर मीच ते परत पाठवलं असतं.

अतिशयोक्ती वाटते? २३ जुलै १९८३. कॅनडातलं एक बोइंग ७६७. टाकीतलं इंधन मोजलं लिटरमध्ये, हवं होतं किलोत. लिटरचे किलो करायला ०.८ ने गुणायचं, तर गुणलं १.७७ ने. तो गुणक पौंडांचा होता. हवं होतं त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन विमान उडालं आणि वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन गिमलीच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं. कोणी दगावलं नाही, हे नशीब आणि त्यांचं कौशल्य. तिथे निदान इंधनाला एक ठरलेली घनता तरी होती. फ्युसिलीला तीही नाही.

तर पाककृती लिहिणाऱ्यांनो, कृपा करून ग्रॅम लिहा. पाकिटामागचे आकडेही १०० ग्रॅमलाच दिलेले असतात, कपाला नाही. काटा काही शे रुपयांत येतो. आणि माझ्यासारख्या शहाण्यांनो, "एक कप म्हणजे किती?" असं कोणी विचारलं की आकडा फेकू नका. आधी "कशाचा?" आणि "कशासाठी?" एवढं विचारा.

असो. आता बहिणीच्या ओट्यावर काटा आहे. भाची स्वतः वजन करते, मामाला विचारत नाही. बरंच करते.