डोळ्याचा आतला कोपरा जपा

तान्ह्या बाळाचा एक डोळा सारखा पाझरतो, सकाळी चिपडांनी चिकटलेला असतो आणि घरात ठरून जातं, डोळे आलेत. मेडिकलमधून थेंब येतात. चार दिवस बरं वाटतं, मग पुन्हा तेच. कुणी काजळ सुचवतं, कुणी अंगावरचं दूध. यातलं काहीही डोळ्यात घालू नका. डोळा लाल नसताना पहिल्या काही आठवड्यांपासून पाणी थांबत नसेल, तर बहुतेक वेळा अडथळा अश्रुनलिकेत असतो. दोन्ही पापण्यांच्या कडेला, नाकाजवळ, एकेक बारीक छिद्र असतं. तिथून डोळ्यातलं पाणी अश्रुपिशवीत आणि पुढे नाकात उतरतं. काही बाळांमध्ये नाकाकडच्या टोकाचा पातळ पडदा जन्माच्या वेळी उघडलेला नसतो.

दहातल्या जवळपास नऊ बाळांचा हा पडदा वर्षाच्या आत उघडतो. त्याला मदत करते ती मालिश, आणि ती बहुतेक घरांत चुकीची होते. नाकावरून हळुवार बोट फिरवणं म्हणजे ही मालिश नव्हे. नखं कापा, हात धुवा. डोळा आणि नाक यांच्या मधल्या खळग्यात बोट टेकवा, दाब द्या आणि तो न सोडता नाकाच्या कडेने खाली या. आतल्या पाण्याचा जोर पडद्यावर पडायला हवा. एका वेळी पाच-दहा वेळा, दिवसातून तीन-चारदा. पहिल्यांदा डॉक्टरांसमोर करून दाखवा.

बाळाला उजेड सहन होत नसेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर तो काचबिंदू असू शकतो. कोपऱ्यात सूज आली, ती लाल झाली, ताप आला, तरीही त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा.

वर्षानंतरही पाणी येत असेल तर भूल देऊन बारीक सळईने नलिका मोकळी करतात. बहुतेक मुलं तेवढ्यावर बरी होतात. त्यानंतरही पाणी येत राहिलं किंवा मूल मोठं असलं, तर नलिकेत सिलिकॉनची नळी घालतात. ती शेवयीसारखी बारीक आणि मऊ असते. दोन्ही पापण्यांच्या छिद्रांतून तिची टोकं नाकात उतरवून तिथे अडकवतात, म्हणजे नलिका भरून येताना पुन्हा चिकटत नाही. काही आठवडे ते सहा महिने ती आत ठेवतात.

नळीला घाबरू नका. डोळ्याच्या कोपऱ्यात तिचा छोटासा पारदर्शक धागा दिसतो, तेवढाच. नळी असेपर्यंत थोडं पाणी येत राहिलं तरी ऑपरेशन फसलं असं समजू नका. मुलाने डोळा चोळला की कधी कधी हा धागा बाहेर येऊन गालावर लोंबतो. ओढू नका, ओढल्याने छिद्र फाटतं. कात्रीही लावू नका. चिकटपट्टीने गालाला चिकटवा आणि डॉक्टरांना गाठा. बरं वाटतंय म्हणून नळी काढायची तारीखही चुकवू नका.

आता जखमेबद्दल, कारण इथे वेळ महत्त्वाची. संक्रांतीचा मांजा, बैलाचं शिंग, कुत्र्याचा चावा, दुचाकीवरून पडणं, यात पापणी नाकाच्या बाजूला फाटली तर तिच्यातली अश्रुनलिकाही तुटलेली असू शकते. जखम दिसायला अर्ध्या बोटाचीही नसते. वरवर कातडीला टाके घातले तर ती सुरेख भरते आणि डोळा मात्र आयुष्यभर गळत राहू शकतो. तुटलेली टोकं शोधून, आत सिलिकॉनची नळी घालून नलिका जोडायची असते. हे काम शक्यतो एक-दोन दिवसांत व्हावं. नंतर टोकं सापडणं अवघड होत जातं. म्हणून टाके घालायच्या आधी विचारा, "अश्रुनलिका तुटलीय का?" सोय नसेल तर वैद्यकीय महाविद्यालयाच्या नेत्रविभागात पाठवायची चिठ्ठी मागा. जखमेवर हळद, कॉफी काही लावू नका. स्वच्छ कापड ठेवून निघा. कुत्रा चावला असेल तर आधी जखम वाहत्या पाण्याने बराच वेळ धुवा. रेबीजची लस आणि जखमेत द्यायचं इंजेक्शन त्याच दिवशी घ्या.

मोठ्या माणसांचं लासरू, म्हणजे अश्रुपिशवीत पू साठणं, तेही अंगावर काढू नका. कोपरा दाबला की पू येत असेल तर तो जंतूंचा साठा आहे. आधी त्याचा इलाज न करता मोतीबिंदूचं ऑपरेशन केलं, तर जंतू डोळ्याच्या आत जाऊन दृष्टी जाऊ शकते. मोठ्यांना बहुधा नुसती नळी पुरत नाही, अश्रुपिशवीपासून नाकात नवी वाट करावी लागते.

घरात कुणाचा एकच डोळा महिनोन्महिने पाझरत असेल, तर थेंबांची पुढची बाटली आणण्याआधी नेत्रतज्ज्ञांकडून अश्रुनलिका तपासून घ्या.