लाहायनाची राख

८ ऑगस्ट २०२३ रोजी हवाई द्वीपसमूहातील माउई बेटावरचे लाहायना हे नगर काही तासांत भस्मसात झाले. १०२ माणसे मृत्युमुखी पडली, दोन हजारांहून अधिक इमारती नष्ट झाल्या. १८४५ पर्यंत हे नगर स्वतंत्र हवाई राज्याची राजधानी होते. ज्या वायोला चर्चच्या आवारात राणी केओपुओलानी चिरविश्रांती घेत आहे ते चर्च जळाले. १८३० च्या दशकातले मिशनऱ्याचे बाल्डविन घरही गेले. १८७३ साली भारतातून आणून लावलेला आणि साठ फुटांपर्यंत वाढलेला वड मात्र होरपळूनही उभा राहिला.

या संहाराला ‘हवामान बदलाचा तडाखा’ असे नाव देऊन वृत्तपत्रे मोकळी झाली. ते नाव खोटे नाही. बेटावर अवर्षण होते, आणि दक्षिणेकडून दूर अंतरावरून जाणाऱ्या ‘डोरा’ वादळाच्या काळात वारे भन्नाट सुटले होते. परंतु वाऱ्याने पेटवायला सरपण कोणी रचून ठेवले, हा प्रश्न त्या नावाआड दडतो.

लाहायना मूळचे पाणथळ. गावात मोकुहिनिया नावाचे तळे होते आणि त्यातील बेटावर राजांचे निवासस्थान होते. १८६० पासून येथे साखरेचे मळे फोफावले. ओढ्यांचे पाणी कालव्यांनी उसाकडे वळवले गेले, तळे डबके बनले आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ते बुजवून त्यावर खेळाचे मैदान करण्यात आले! १८९३ साली राणी लिलिउओकलानी हिला पदच्युत करणाऱ्यांत साखरेच्या हितसंबंधांचा हात होता, आणि अमेरिकन नौसैनिक त्यांच्या पाठीशी किनाऱ्यावर उतरले होते. १९४६ साली सुमारे २६ हजार मळेमजुरांनी, जपानी, फिलिपिनो, पोर्तुगीज असे सारे भेद विसरून, ७९ दिवसांचा संप केला, तेव्हा कुठे मजुरांना माणूस म्हणून वागवणे मालकांना भाग पडले.

पुढे नफा आटला. १९९९ मध्ये लाहायनाचा साखर कारखाना बंद झाला. मालकांनी ऊस सोडला, जमीन सोडली नाही. पडीक मळ्यांवर आफ्रिकेतून आलेले गिनी गवत पुरुषभर वाढले आणि उन्हाळ्यात वाळून कोळ झाले. सकाळी तुटलेल्या वीजतारांनी त्याला आग लागली. विझली असे समजून अग्निशामक दल परतले आणि दुपारी ती पुन्हा भडकली, असा चौकशीचा निष्कर्ष २०२४ मध्ये जाहीर झाला. धोक्याचे भोंगे वाजलेच नाहीत. वीज कंपनी, सरकार आणि इतरांनी मिळून सुमारे चार अब्ज डॉलरची भरपाई मान्य केली.

आगीनंतर राज्यपालांनी तातडीच्या अधिकारात पाणीवाटपाच्या कायद्यातील तरतुदी काही काळ स्थगित केल्या. ओढ्यांचे पाणी परत मिळावे म्हणून झगडणाऱ्या अळूच्या शेतकऱ्यांनी त्याला विरोध केला. सप्टेंबरात वडाला पालवी फुटली. त्याआधीच, राख निवण्यापूर्वी, बेघर झालेल्या रहिवाशांना जमिनी विकत मागणारे दूरध्वनी येऊ लागले होते.