पोच कोणी द्यावयाची?

संगणकाच्या भाषांवर कला शाखेच्या वार्षिकात लेख कशासाठी, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रश्न रास्त आहे. परंतु भाषा म्हटली की तिच्यात काय सांगता येते, काय लपून राहते आणि एका भाषेतले दुसरीत नेताना काय गळते, हे प्रश्न आलेच. आणि ते जितके मराठीचे तितकेच संगणकाच्या भाषांचेही आहेत. शिवाय आज आपले परीक्षा शुल्क, शिष्यवृत्ती, घरातल्या वृद्धांचे निवृत्तिवेतन, हे सारे एका यंत्राने दुसऱ्या यंत्रास धाडलेल्या संदेशांवर अवलंबून असते. तो संदेश वाटेत हरवला किंवा दोनदा पोहोचला, तर त्याची झळ यंत्राला लागत नाही, माणसाला लागते. म्हणून हा विषय तंत्रज्ञांचा म्हणून बाजूस सारणे बरे नव्हे.

प्रथम ‘मेसेज ब्रोकर’ म्हणजे काय ते पाहू. बाजार समितीच्या आवारात शेतकरी माल आणून अडत्याच्या स्वाधीन करतो. गिऱ्हाईक कोण आणि ते केव्हा येणार, याचा घोर शेतकऱ्याला राहत नाही. मेसेज ब्रोकर हा संदेशांचा असाच अडत्या होय. एक कार्यक्रम त्याच्याकडे संदेश टाकून आपल्या कामाला लागतो. दुसरा आपल्या सवडीने तो उचलतो. गंमत अशी की या व्यवहारात धाडणाऱ्यास ‘उत्पादक’ आणि घेणाऱ्यास ‘ग्राहक’ असेच म्हणतात. मुंबईत जन्मलेले विवेक रणदिवे यांनी १९८०च्या दशकात अमेरिकेत वित्तीय बाजारांसाठी अशी संदेशव्यवस्था उभारली. पुढे १९९७ साली त्यांनी टिब्को ही कंपनी स्थापन केली. लंडनमध्ये जेपी मॉर्गन चेस या बँकेत जॉन ओहारा यांनी २००३च्या सुमारास संदेशांच्या देवाणघेवाणीचा एक खुला संकेत आखण्यास आरंभ केला, आणि त्या संकेतानुसार चालणारा रॅबिटएमक्यू हा ब्रोकर २००७ साली अवतरला. लिंक्डइन कंपनीत जन्मलेला दुसरा प्रसिद्ध ब्रोकर २०११ साली सर्वांस खुला झाला. त्याचे नाव काफ्का! जे क्रेप्स यांनी ते फ्रान्झ काफ्का या लेखकावरूनच ठेवले आहे; ‘लिहिण्यात’ तरबेज असलेल्या यंत्रणेला लेखकाचे नाव द्यावे, एवढाच त्यांचा हेतू.

आपला कार्यक्रम आणि हा अडत्या यांच्यामध्ये एक दुभाषा लागतो. त्यास ‘क्लायंट लायब्ररी’ म्हणतात. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे, तर तयार लिहून ठेवलेल्या संगणकीय आज्ञांचा संच. जोडणी करणे, संदेश पाठवणे, आलेला संदेश हाती देणे, ही कामे तो करतो. माझे जे काही म्हणणे आहे ते या दुभाष्याविषयी आहे, आणि विशेषतः ‘फंक्शनल’ म्हणजे फलनप्रधान भाषांतील दुभाष्याविषयी.

फलन हा शब्द गणितातला. पाचचा वर्ग पंचवीस. तो सकाळी पंचवीस आणि रात्रीही पंचवीसच. त्याच प्रश्नाला नेहमी तेच उत्तर, आणि उत्तर देताना जगात दुसरे काही बदलावयाचे नाही, असा हा बाणा. फोरट्रान भाषेचे जनक जॉन बॅकस यांनी १९७७ साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानात प्रचलित पद्धतीवर टीका करून अशाच लेखनाचा पुरस्कार केला. हॅस्केल, ओकॅमल, स्काला, एफ शार्प, क्लोजर, एर्लांग, एलिक्सिर ही या घराण्यातील प्रसिद्ध नावे. त्यांत हॅस्केल फार सोवळी. जगाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक कृतीवर ती वेगळी खूण करावयास लावते, म्हणजे शुद्ध हिशेब कोणता आणि बाहेरचा व्यवहार कोणता, हे वाचताक्षणी कळते.

येथेच एक भ्रम जन्म घेतो. भाषा शुद्ध म्हणजे व्यवहारही शुद्ध, असे तिच्या भक्तांस वाटू लागते. ते खरे नाही. एक साधे उदाहरण घेऊ. खात्यात २००० रुपये आहेत आणि ‘५०० रुपये शुल्क वळते करा’ असा संदेश आला. फलनाने २००० मधून ५०० वजा करून १५०० हे उत्तर दिले. तोच संदेश काही कारणाने पुन्हा आला. आता फलनापुढे १५०० आहेत. त्याने १००० हे उत्तर दिले. फलनाचा यात काडीचाही दोष नाही, दोन्ही उत्तरे अचूक आहेत. पण विद्यार्थ्याचे ५०० रुपये गेले! ‘दिवा लाव’ असे दोनदा सांगितले तर बिघडत नाही. ‘बटण दाब’ असे दोनदा सांगितले तर अंधार होतो. पुनरुक्ती पचवण्याचा हा गुण भाषेच्या शुद्धतेतून आपोआप येत नाही. त्यासाठी प्रत्येक संदेशाला क्रमांक देणे आणि कोणता क्रमांक पूर्वी निकालात निघाला हे टिपून ठेवणे, असा व्यवहारी उपाय करावा लागतो.

पण संदेश पुन्हा येतोच कशाला? याचे उत्तर ‘पोच’ या शब्दात आहे. रजिस्टर एडी पत्र ज्यांनी धाडले आहे त्यांना हे चटकन समजेल. टपालखात्याने २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात विलीन केले, पण सहीचे ते कार्ड परत येईपर्यंतची धाकधूक अजून अनेकांच्या स्मरणात असेल. ब्रोकरही पोच मागतो. रॅबिटएमक्यूकडून घेतलेल्या संदेशाची पोच न देताच जोडणी तुटली, तर तो संदेश पुन्हा रांगेत ठेवला जातो आणि पुन्हा कोणाला तरी दिला जातो. आता काम करण्यापूर्वी पोच दिली आणि मध्येच यंत्र बंद पडले, तर काम कायमचे राहिले. काम आटोपून पोच देणार तोच यंत्र बंद पडले, तर काम दोनदा होणार. या दोहोंपैकी कोणता धोका पत्करावयाचा, हा प्रश्न टळत नाही. तो ठरवणे हे कार्यक्रम लिहिणाऱ्याचे कर्तव्य आहे, दुभाष्याचे नव्हे.

आणि नेमके येथेच अनेक सोयीस्कर लायब्रऱ्या आपल्याला ‘मदत’ करतात. रॅबिटएमक्यूमध्ये आपोआप पोचेची सोय आहे. ती स्वीकारली की संदेश धाडल्याक्षणी पोहोचला असे धरले जाते. काफ्काच्या नेहमीच्या ग्राहक-लायब्रऱ्यांत आपण वेगळे काही सांगितले नाही, तर दर ५ सेकंदांनी ‘येथवर वाचले’ अशी खूण आपसूक होत असते. संदेश हाती घेऊन काम दुसऱ्याकडे सोपवले, ते अपुरे असतानाच खूण पुढे सरकली आणि यंत्र कोसळले, तर त्या संदेशाला कोणी वाली उरत नाही. हॅस्केलसारख्या भाषेत आणखी एक मेख आहे. ती स्वभावाने चालढकल करणारी. उत्तराची गरज पडेपर्यंत ती हिशेबच करत नाही. त्यामुळे बेसावध लेखकाच्या हातून असे घडू शकते, की पोच गेली, पण हिशेब अजून व्हावयाचा आहे, आणि तो करताना पुढे चूक निघाली. पावती आधी, माल नंतर!

मग फलनप्रधान भाषांचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे, पण तो लायब्ररीने करू दिला तर. माझ्या मते चांगल्या लायब्ररीने लेखकाकडून प्रत्येक संदेशाचा निकाल स्पष्ट शब्दांत मागून घ्यावा: स्वीकारला, रांगेत परत ठेवा, किंवा बाद करा. हॅस्केल, ओकॅमल, एफ शार्प, स्काला यांसारख्या भाषांत हा निकाल ठरावीक प्रकाराचे मूल्य म्हणून बांधता येतो. निकाल न देता लेखक निसटू पाहील, तर कार्यक्रम चालू होण्याआधीच भाषांतरक त्याला अडवतो. अशा वेळी काय करावयाचे याचा विचार एक शुद्ध फलन करते आणि प्रत्यक्ष पोच कडेवरचा छोटासा भाग देतो. विचाराची परीक्षा ब्रोकर न जोडताही घेता येते. हा फायदा लहान नाही.

एर्लांगचा मार्ग निराळा. एरिक्सन या स्वीडिश दूरध्वनी कंपनीच्या प्रयोगशाळेत १९८६च्या सुमारास जो आर्मस्ट्राँग, रॉबर्ट व्हर्डिंग आणि माइक विल्यम्स यांच्या हातून ती आकारास आली. रॅबिटएमक्यू तिच्यातच लिहिलेला आहे. ती प्रकारांचा असा काच लावत नाही. काम करणारी लहान प्रक्रिया चुकली तर तिला खुशाल पडू द्या, देखरेख करणारी दुसरी प्रक्रिया तिला नव्याने उभी करील, असे तिचे तत्त्वज्ञान. प्रक्रिया पडली, पोच गेली नाही, संदेश रांगेत परत आला; किती स्वच्छ हिशेब! मात्र संदेशच सदोष असेल तर तो प्रत्येकाला पाडत फिरत राहतो. टपालखात्यात बेपत्ता पत्रांसाठी पूर्वी ‘डेड लेटर ऑफिस’ असे; ब्रोकरमध्येही त्याच नावाची सोय आहे, आणि अशा संदेशाला तेथे पोहोचवण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

यावर एक आक्षेप येईल. या भाषा वापरणारे थोडे. प्रत्येकीसाठी मुळापासून लायब्ररी लिहिणार कोण? म्हणून हॅस्केलमध्ये काफ्कासाठी सी भाषेतील लायब्ररीवर आवरण चढवतात, क्लोजरमध्ये जावाच्या लायब्ररीवर. आक्षेपात तथ्य आहे. एकट्या उत्साही माणसाने लिहिलेली लायब्ररी त्याचा उत्साह ओसरताच अनाथ होते, उलट मोठ्या भाषेतील लायब्ररीला हजारो हातांनी घासूनपुसून घेतलेले असते. तेव्हा आवरण चढवण्यास माझा विरोध नाही. विरोध आहे तो शब्दशः भाषांतराला. इंग्रजी वाक्याची रचना तशीच ठेवून मराठी शब्द भरले, की ते वाक्य मराठी होत नाही, हे साहित्याच्या विद्यार्थ्यास सांगावयास नको. जावाचे रिवाज जसेच्या तसे उचलून फलनप्रधान भाषेत आणणारी लायब्ररीही अशीच परकी राहते. चूक कोठे लपली, पोच कोणी दिली, हे तिच्यात दिसत नाही. नळ आणि पाइप खुशाल उसने घ्यावेत. पण घराचा दरवाजा आपल्या रीतीचा असावा.

सोय ही वाईट गोष्ट नव्हे. जोडणी तुटली तर पुन्हा जोडणे, संदेशाची बांधणी उलगडणे, अशी हमाली लायब्ररीने अवश्य करावी. परंतु ‘काम झाले’ असे दुसऱ्याच्या वतीने म्हणण्याचा अधिकार तिला नाही. कार्यालयात कागद वाचण्यापूर्वीच ‘मिळाला’ असा शिक्का मारणारा कारकून कामसू दिसतो, पण त्याच्या टेबलावर अडकलेला अर्ज कोणाचा तरी असतो. आपल्यापैकी जे विद्यार्थी उद्या या क्षेत्रात जातील, त्यांनी नवी लायब्ररी हाती घेताना तिचा वेग आणि तिचे कौतुक नंतर पाहावे. आधी एवढेच विचारावे: येथे पोच केव्हा जाते, आणि ती कोण देतो? याचे उत्तर कार्यक्रम वाचून सापडत नसेल, तर भाषा कितीही शुद्ध असो, तो व्यवहार भरवशाचा नव्हे.