मूतखड्याची दुर्बीण : नवी की धुतलेली?

मार्च-एप्रिलमध्ये वसमत, कळमनुरीकडे हळद शिजवण्याची घाई असते. डोक्यावर ऊन, पुढ्यात वाफ, आणि पाणी प्यायला फुरसत नाही. घामावाटे पाणी जाते, लघवी घट्ट होते आणि मूतखड्याची कळ नेमकी अशा दिवसांत उठते. खडा मोठा निघाला की हिंगोलीचा रुग्ण बहुधा नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगरची वाट धरतो. तिथे ‘दुर्बिणीतून, लेसरने, चिरफाड नाही’ एवढे ऐकून घरचे सही करतात. ती दुर्बीण आधी कुणाच्या शरीरात जाऊन आली, हे कुणी विचारत नाही.

मूत्रनलिकेच्या खालच्या भागातला खडा सहसा सरळ, कडक दुर्बिणीने निघतो. किडनीच्या कप्प्यात दडलेल्या खड्यापर्यंत पोहोचायला मात्र लवचिक दुर्बीण लागते. तिची जाडी जेमतेम 3 मिलिमीटर, टोक 270 अंशांपर्यंत वळते आणि आतून सुमारे 1.2 मिलिमीटरचा मार्ग जातो. पाणी आणि लेसरची तार त्यातूनच जाते. सारी गोम या मार्गात आहे. रक्त, खड्याचा चुरा, जंतू तिथे अडकतात, आणि ऑटोक्लेव्हची वाफ अशा बहुतेक दुर्बिणींना सोसत नाही. म्हणून ऑपरेशन संपताच ती धुवायची, गळती तपासायची, एन्झाइमच्या द्रावणात ब्रशने मार्ग घासायचा, पूर्ण वाळवायची, मग वायूने किंवा प्लाझ्माने निर्जंतुक करायची. पहिल्या पायऱ्या कच्च्या राहिल्या तर शेवटची फुकट जाते. दिवसाला चार ऑपरेशने आणि दुर्बीण एकच, अशा ठिकाणी काय होत असेल याचा अंदाज वाचकांनी करावा.

ही भीती पोकळ नाही. 2017 मध्ये अमेरिकेतल्या दोन रुग्णालयांतल्या निर्जंतुक केलेल्या 16 लवचिक दुर्बिणी तपासल्या गेल्या. सर्वांवर प्रथिनांचे अंश सापडले, दोनांवर जंतू वाढले. तिथल्या औषध प्रशासनाने एप्रिल 2021 मध्ये डॉक्टरांना सावध केले, तेव्हा चार वर्षांत मूत्रमार्गाच्या दुर्बिणींबाबत संसर्गाच्या किंवा अस्वच्छतेच्या 450 हून अधिक नोंदी त्यांच्याकडे जमल्या होत्या. (ऑपरेशननंतरचा प्रत्येक ताप दुर्बिणीमुळे येतो असे मात्र नाही. बरेचदा जंतू रुग्णाच्या लघवीत किंवा खड्यातच असतात. म्हणून आधी लघवीचे कल्चर करणे टाळू नये.)

एकदा वापरून टाकून द्यायची दुर्बीण गेल्या दहा वर्षांत रुळली. धुण्याचा प्रश्न नाही, दुरुस्तीला पाठवून महिनाभर वाट पाहणे नाही. कचरा वाढतो हे खरे, पण धुण्या-निर्जंतुकीकरणालाही पाणी, वीज, रसायने लागतात. ऑस्ट्रेलियातल्या 2018 च्या एका अभ्यासात दोन्हींचा कार्बनभार दर ऑपरेशनला साडेचार किलोच्या आसपास, जवळजवळ सारखाच निघाला. जिथे महिन्याला मोजक्याच केसेस होतात आणि दुर्बिणी धुणारा प्रशिक्षित माणूस नाही, तिथे माझे मत एकदाच्या दुर्बिणीला आहे. मोठ्या केंद्रात, जिथे निर्जंतुकीकरणाचा स्वतंत्र विभाग आणि चोख नोंदवही आहे, तिथे अनेकदा वापरायची दुर्बीण स्वस्तही पडते आणि चालतेही.

धोका तिसऱ्याच प्रकारात आहे : एकदाची म्हणून आणलेली दुर्बीण धुऊन पुन्हा वापरणे. आपल्याकडे एकदाच वापरायच्या वस्तू पुन्हा वापरण्याची खोड जुनी आहे. हृदयाच्या कॅथेटरबाबत ती लपून राहिलेली नाही. पण ही दुर्बीण वारंवार धुण्यासाठी बनवलेलीच नसते. वर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पॅकेज ठरलेले असते. दुर्बीण, लेसर, स्टेंट सगळे त्यातच बसवायचे. या दुर्बिणीचा खर्च वेगळा धरला नाही तर पुनर्वापराचा मोह होणारच, आणि त्याची किंमत वसमतचा हळदवाला मोजणार.

2017 मध्ये हृदयाच्या स्टेंटच्या किमतींवर मर्यादा आली, तेव्हा बिलात कंपनीचे नाव आणि बॅच क्रमांक लिहिणे रुग्णालयांना बंधनकारक झाले. दुर्बिणीलाही तेच लावावे. एकदाची असेल तर पाकिटावरचा स्टिकर डिस्चार्ज कार्डावर चिकटवावा; धुतलेली असेल तर तिचा क्रमांक आणि निर्जंतुकीकरणाची तारीख लिहावी. तोवर सही करण्याआधी नातेवाइकांनी एवढेच विचारावे : ‘डॉक्टरसाहेब, दुर्बीण कोणती वापरणार? एकदाची असेल तर पाकीट आमच्यासमोर फोडाल का?’