गाडी विजेची, दोरी कुणाच्या हाती?

बिघडलेली वस्तू फेकून द्या असे कोल्हापूरच्या माणसाला सांगितले, की त्याचा पहिला प्रश्न असतो, "उघडून बघितलं काय?" या एका प्रश्नावर इथले उद्यमनगर उभे राहिले. उसाला पाणी चढवणारी ऑइल इंजिने बंद पडत. ती दुरुस्त करता करता इथल्या मिस्त्रींनी सुटे भाग ओतले, लेथवर कातले आणि पुढे अख्खी इंजिनेच बनवली. बाबूराव पेंटरांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा याच गावात घडवला आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणला. अशा गावातले कसलेले कारागीर आज एका वायरीपुढे हात टेकतात, याची मला गंमत वाटते आणि काळजीही. ती वायर म्हणजे विजेच्या मोटारीबरोबर मिळणारी, घरच्या घरी चार्जिंग करायची केबल.

तिला नुसती वायर म्हणणे तसे अपुरे आहे. एका टोकाला घरच्या पॉवर पॉइंटात बसणारा तीन जाड पिनांचा टॉप, दुसऱ्या टोकाला मोटारीत बसणारी 'गन' आणि मध्ये विटेएवढा एक डबा. बॅटरी भरणारे खरे यंत्र गाडीच्या पोटात असते. डब्याचे काम पहारेकऱ्याचे. किती अँपिअर ओढायचे हे तो गाडीला खुणेने सांगतो. घराला अर्थिंग आहे का ते तपासतो. वीज कुठे गळू लागली, तर माणसाला इजा होण्याआधी पुरवठा तोडतो.

आता यातले काय बिघडते? बहुतेक वेळा सर्वांत साधा भाग, म्हणजे भिंतीकडचा टॉप. आपल्या घरातला पंधरा अँपिअरचा पॉइंट गिझरसाठी बसवलेला. गिझर चालतो पंधरा-वीस मिनिटे. गाडीची तीस युनिटांची रिकामी बॅटरी या केबलने भरायला मात्र नऊ-दहा तास लागतात, आणि तेवढा वेळ प्रवाह सलग वाहतो. पॉइंटातली पकड जरा सैल असली आणि त्या जोडात ०.२ ओहम एवढा रोध आला, तरी पंधरा अँपिअरला ४५ वॅट उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे सोल्डरिंग आयर्न साधारण एवढेच तापते. ते रात्रभर भिंतीत खुपसून ठेवले तर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

माझ्या पुतण्याच्या केबलचा टॉप असाच तपकिरी पडला, एक पीन काळी झाली. सर्व्हिस सेंटरने सांगितले, दुरुस्ती नाही, अख्खी केबल बदला. किंमत पाच आकडी. उद्यमनगरातल्या ओळखीच्या वायरमनला घरी बोलावले. त्याने केबलकडे पाहिलेच नाही, आधी भिंतीवरचा पॉइंट खोलला आणि मला म्हणाला, "काका, दुखणं वायरीत न्हाई, भिंतीत हाय." त्याने मीटरपासून जाड वायरीची वेगळी लाइन ओढली, स्वतंत्र एमसीबी घातला, चांगल्या पकडीचा पॉइंट बसवला. हे न करता नवी केबल त्याच जुन्या पॉइंटात लावली असती, तर तिचीही तीच गत होती. मात्र टॉप त्याला बदलता आला नाही. तो केबलवर ओतूनच बसवलेला होता. दोन-अडीचशे रुपयांच्या भागापायी चांगला डबा, चांगली गन आणि कित्येक फूट तांब्याची वायर अडगळीत गेली.

दुसरे दुखणे अर्थिंगचे. डब्यावर लाल दिवा लागला, की लोक केबल बिघडली म्हणतात. पुष्कळदा ती बिचारी खरेच सांगत असते, की तुमच्या घराला अर्थिंग नाही. पेठांमधल्या जुन्या घरांत मीठ-कोळशाचा तो खड्डा एक तर कधी खणलेलाच नसतो, नाही तर वर्षानुवर्षे कोरडा पडलेला असतो. यावर काही जण न्यूट्रलची तार अर्थला जोडून डब्याला फसवतात. दिवा हिरवा होतो, पण उद्या न्यूट्रल तुटली तर मोटारीच्या पत्र्यातच वीज उतरू शकते. अंगणात पोरे खेळतात तिथेच गाडी उभी असते. ही दुरुस्ती नव्हे. पंचगंगेने २०१९ आणि २०२१ साली घराघरांत पाणी आणले. अशा पाण्यात बुडालेला डबा उन्हात वाळवून पुन्हा लावणे, हाही त्यातलाच प्रकार.

म्हणून कंपन्यांचे म्हणणे मी उडवून लावणार नाही. काही केबलींच्या टॉपमध्येच उष्णता ओळखणारा सेन्सर असतो. बाजारातला साधा टॉप लावला की तो पहारा उठतो. मधेच तुटलेल्या केबलला टेप गुंडाळून जोड देणे तर गुन्हाच मानावा. पण यावरून 'काहीच दुरुस्त करू नका' असा निष्कर्ष निघत नाही. घरातला कुकर पाहा. त्याचा सेफ्टी व्हॉल्व्ह गेला म्हणून कुणी कुकर फेकत नाही, आणि भोकात खिळाही ठोकत नाही. दुकानातून त्याच कंपनीचा व्हॉल्व्ह आणतो. धोक्याची वस्तू आहे म्हणूनच सुटा भाग अस्सल मिळाला पाहिजे.

हे अशक्यही नाही. अमेरिकेतल्या टेस्लाच्या केबलचा भिंतीकडचा टॉप सुटा निघतो आणि वेगळा विकत मिळतो. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ साली कौल दिला, की मोटारदुरुस्तीची माहिती स्वतंत्र गॅरेजवाल्यांनाही मिळावी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली आणि त्याच वर्षी संकेतस्थळ सुरू केले. त्यात वाहनांचाही समावेश आहे. संकेतस्थळावर माहिती मिळणे चांगलेच, पण लक्ष्मीपुरीतल्या दुकानात सुटा भाग मिळणे त्याहून चांगले.

माझे मागणे मोठे नाही. टॉपकडची वायर डब्यापासून सुटी करता यावी आणि सेन्सरसह वेगळी मिळावी. लाल दिव्याचा अर्थ मराठीत लिहून मिळावा. डबा कंपनीनेच उघडावा, पण उघडावा आणि तपासून परत द्यावा. आयटीआयमधून वायरमनना या कामाचे रीतसर शिक्षण मिळावे. आणि आपण गाडीचा रंग ठरवण्याआधी घरचा पॉइंट आणि अर्थिंग तपासून घ्यावे.

परदेशी इंजिन उघडून पाहायला कोल्हापूरच्या मिस्त्रीला कुणी बंदी केली असती, तर हे गाव आजही गिऱ्हाईकच राहिले असते. विजेच्या मोटारीच्या काळात आपण पुन्हा नुसते गिऱ्हाईक व्हायचे का, हा प्रश्न त्या जळक्या टॉपाइतकाच घराघरातला आहे.